अचलेची हालचाल

संस्कृतात पृथ्वीला 'अचला' असे एक नाव आहे. 'स्थिरा' असेही आहे. जी हलत नाही ती भूमी, हा विश्वास आपल्या भाषेतच रुजून बसला आहे. मोठा धक्का बसला की आपण पायाखालची वाळू सरकली असे म्हणतो. सरकायची ती वाळू, जमीन नव्हे! परंतु भूगोलाच्या विद्यार्थ्याला हा विश्वास बाळगता येत नाही. भूकंपात जमीन क्षणात सरकते हे सर्वांस ठाऊक असते. मात्र एरवीही ती वर्षाला काही मिलिमीटर, तर कोठे कोठे कित्येक सेंटीमीटर खचते, फुगते किंवा उतारावरून घसरते. ही सावकाश हालचाल डोळ्यांना दिसत नाही, आणि दिसते तेव्हा घराच्या भिंतीला भेग पडलेली असते. शेकडो किलोमीटर उंचीवरून फिरणारा कृत्रिम उपग्रह ही हालचाल कशी मोजतो आणि त्या मोजमापाचा अर्थ आपण कसा लावावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय शास्त्राचा असला तरी कलाशाखेच्या वाचकाने बिचकण्याचे कारण नाही. गणित मी शक्य तितके बाजूस ठेवले आहे.

मिनिटकाट्याचे घड्याळ

आमच्या प्रात्यक्षिकांत डम्पी लेव्हल घेऊन आम्ही मैदानाचे चढउतार मोजतो. पद्धत विश्वासू आहे. पण जेथे आपण उभे राहू तेवढ्याच जागांची उंची तिच्याने कळते. संपूर्ण शहराची उंची दर पंधरवड्याने मोजायची म्हटली तर किती माणसे लागतील याची कल्पना करावी.

रडारचा मार्ग निराळा आहे. छायाचित्राला सूर्याचा प्रकाश लागतो, रडार मात्र स्वतःच सूक्ष्मतरंग सोडते आणि जमिनीवरून परतलेला प्रतिध्वनी टिपते. त्यामुळे रात्र असो वा ढग असोत, त्याचे काम अडत नाही. इतक्या उंचीवरून काही मीटरांचा तपशील दिसण्यासाठी खरे तर कित्येक किलोमीटर लांबीची अँटेना हवी. उपग्रह मात्र पुढे सरकत असताना अनेक ठिकाणांहून घेतलेले प्रतिध्वनी गणिताने एकत्र करून तेवढ्या लांब अँटेनेचे काम छोट्या अँटेनेकडून करून घेतो.

परतलेल्या तरंगात दोन गोष्टी असतात. एक त्याची तीव्रता. तिच्यापासून चित्र तयार होते. दुसरी म्हणजे तरंग आपल्या चक्राच्या कोणत्या टप्प्यावर असताना परतला ती अवस्था. मराठी विश्वकोशात तिला 'कला' हा शब्द आहे. चंद्राच्या कला आपल्या परिचयाच्या आहेत, तशाच या तरंगाच्या कला. ही कला म्हणजे केवळ मिनिटकाटा असलेले घड्याळ समजावे. काटा कोठे आहे हे अगदी अचूक कळते, पण किती तास उलटले ते कळत नाही.

समजा, तरंगलांबी ५.६ सेंटीमीटर आहे. जमीन उपग्रहापासून १.४ सेंटीमीटर दूर गेली तर तरंगाला जाताना १.४ आणि येताना १.४, असे एकूण २.८ सेंटीमीटर अंतर जास्त पडेल. म्हणजे काटा अर्धा फेरा पुढे जाईल. जमीन २.८ सेंटीमीटर सरकली तर पूर्ण फेरा होईल. एकाच जागेवरून वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या दोन प्रतिमांतील कलांची वजाबाकी केली, की प्रत्येक ठिकाणी काटा किती फिरला याचा नकाशा मिळतो. तो रंगीत पट्ट्यांनी भरलेला असतो आणि प्रत्येक पट्टा म्हणजे एक फेरा. तेलाच्या तवंगावर दिसणारे रंगही तरंगांच्या अशाच व्यतिकरणातून उमटतात.

इतिहास थोडक्यात

१९७८ साली अमेरिकेने 'सीसॅट' हा उपग्रह सोडला. तो शंभर दिवसांच्या आसपासच चालला. पण त्याच्या प्रतिमांवरून १९८९ साली गॅब्रिएल, गोल्डस्टीन आणि झेब्कर यांनी कॅलिफोर्नियातील इंपीरियल खोऱ्यात ओलिताखालची शेते फुगल्याचे दाखविले. आपल्याकडे काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. तेथे मात्र ते आकाशातून मोजले गेले.

पुढे युरोपचा 'ईआरएस-१' उपग्रह १९९१ मध्ये गेला. २८ जून १९९२ रोजी कॅलिफोर्नियात लँडर्स येथे ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला. दिदिए मासोने आणि सहकाऱ्यांनी भूकंपापूर्वीच्या व नंतरच्या प्रतिमांची तुलना करून जमिनीच्या विस्थापनाचा संपूर्ण नकाशा १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. इमारतींच्या दृष्टीने महत्त्वाची पायरी मिलानच्या तंत्रविद्यापीठातील फेरेत्ती, प्राती व रोक्का यांनी चढली. घरांचे कोपरे, लोखंडी खांब, उघडे खडक या वस्तू वर्षानुवर्षे तसाच प्रतिध्वनी देतात. असे स्थिर बिंदू निवडून अनेक प्रतिमांतून त्यांचा माग काढला, तर वर्षाकाठी काही मिलिमीटरांची हालचालही ओळखता येते.

२०१४ पासून युरोपची 'सेंटिनेल-१' मालिका सुमारे ७०० किलोमीटर उंचीवरून हे काम करीत आहे. एक उपग्रह दर १२ दिवसांनी त्याच जागेवर परततो, आणि त्याच्या प्रतिमा कोणालाही विनामूल्य मिळतात. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून इस्रो व नासा यांचा 'निसार' हा संयुक्त उपग्रहही सुटला.

मर्यादा

या साधनाच्या मर्यादाही लक्षात घ्याव्यात. पहिली अशी की, उपग्रह तिरप्या नजरेने पाहतो. त्यामुळे तो जमिनीचे खचणे थेट मोजत नाही, आपल्यापासूनचे अंतर मोजतो. उत्तर-दक्षिण हालचाल त्याला फारशी दिसतच नाही. दुसरी अशी की, हवेतील बाष्पाने तरंग मंदावतो आणि जमीन न हलताही हलल्यासारखी भासते. तिसरी मर्यादा आपल्या सह्याद्रीला विशेष लागू पडते. आषाढात डोंगराचे रूप इतके पालटते की दोन प्रतिमांतील ओळखच हरवते. 'निसार'चा एक तरंग सुमारे २४ सेंटीमीटर लांबीचा असल्याने तो पानोळ्यातून अधिक खोल जातो. दरडींच्या प्रदेशात त्याचा उपयोग आहे तो यासाठी. शेवटची मर्यादा म्हणजे हे मोजमाप सापेक्ष आहे. कोणता तरी एक बिंदू स्थिर धरावा लागतो, आणि तोच हलत असेल तर सगळेच चुकते.

आकडा आणि अर्थ

आता लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. मेक्सिको शहर जुन्या सरोवराच्या गाळावर वसले आहे. भूजलाच्या उपशामुळे तेथील चिकणमातीचे थर दबतात आणि शहराचे काही भाग वर्षाला ५० सेंटीमीटरपर्यंत खचतात. परंतु केवळ खचण्याने इमारत तडकत नाही. सगळी सारखी खचली तर ती तशीच खाली जाईल. एक बाजू अधिक आणि दुसरी कमी खचते तेव्हा ती तडकते. तेथील प्राचीन कॅथेड्रल असेच कलले, आणि १९९० च्या दशकात कमी खचलेल्या बाजूखालची माती काढून ते सावरावे लागले. तेव्हा 'किती' यापेक्षा 'कोठे कमी, कोठे जास्त' हा प्रश्न महत्त्वाचा.

इटलीतील जेनोवा येथे १४ ऑगस्ट २०१८ रोजी मोरांदी पूल कोसळून ४३ माणसे दगावली. पुलाचा भाग आधीपासून हलत असल्याचे उपग्रहाच्या नोंदींत दिसते, असे २०१९ मध्ये एका गटाने लिहिले. २०२० मध्ये दुसऱ्या गटाने त्याच विषयाची फेरतपासणी करून तसा पुरावा मिळत नसल्याचे सांगितले. दोन्ही पक्ष जाणकारांचेच होते. एकाच संहितेचे दोन अर्थ निघतात हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना नवे नाही. येथे मात्र अर्थ लावण्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

आपल्या देशातील जोशीमठाचे उदाहरण तर ताजेच आहे. हे गाव, ज्याचे नाव आता ज्योतिर्मठ आहे, जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसले आहे. १९७६ साली मिश्रा समितीने तसे स्पष्ट सांगून जड बांधकाम, सुरुंग व वृक्षतोड यांविषयी इशारा दिला होता. जानेवारी २०२३ मध्ये आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने उपग्रहाच्या आधारे सांगितले की, एप्रिल ते नोव्हेंबर २०२२ या काळात गाव सुमारे ९ सेंटीमीटर खचले, आणि पुढे २७ डिसेंबर ते ८ जानेवारी या अवघ्या १२ दिवसांत ५.४ सेंटीमीटर. हा अहवाल लवकरच मागे घेण्यात आला. अशा माहितीने लोकांत गोंधळ माजतो, असे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे म्हणणे होते. विविध संस्थांचे अहवाल लोकांसमोर आले ते सप्टेंबर २०२३ मध्ये, उच्च न्यायालयाने कानउघाडणी केल्यावर.

गोंधळाची भीती अगदीच निराधार नाही. मर्यादा न सांगता दिलेला आकडा घबराट माजवू शकतो, हे वरील विवेचनावरून दिसेलच. पण त्यावर उपाय आकडा झाकणे हा नव्हे, तो समजावून सांगणे हा आहे. ज्याच्या घराखालची जमीन सरकते, त्याला ते कळण्याचा पहिला अधिकार आहे. शिवाय जोशीमठात ज्ञानाची उणीव नव्हतीच. उपग्रहाने २०२२ मध्ये मोजले ते समितीने ४६ वर्षांपूर्वी डोळ्यांनी पाहून सांगितले होते. उणीव होती ती ऐकण्याची.

म्हणून मला वाटते, हा विषय केवळ शास्त्रशाखेचा नाही. प्रतिमा विनामूल्य उपलब्ध आहेत, परंतु कोणती भेग कधी पडली, विहिरीचे पाणी केव्हा आटले, डोंगरातला झरा कोठे वळला, याच्या नोंदी कोणताही उपग्रह देत नाही. त्या गावातल्या वृद्धांना विचाराव्या लागतात आणि तारीखवार लिहून ठेवाव्या लागतात. भूगोल, इतिहास व समाजशास्त्र या विभागांच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी सुटीत एवढे काम केले, तरी आकाशातल्या आकड्यांना जमिनीवरचा अर्थ मिळेल. त्यासाठी एक वही, एक पट्टी आणि थोडी चिकाटी पुरेशी आहे.