सांध्यांकडे लक्ष दे

चि. ईशान,

सांगलीत जीएसटीची विवरणपत्रं भरून देण्याचं तुझं काम वाढलं, आता हाताखाली माणसं घेणार, हे वाचून फार आनंद झाला. पण कामाची वाटणी 'ही गिऱ्हाइकं तुझी, ती त्याची' अशी करू नकोस. त्याआधी मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय कसं चालतं ते समजून घे.

डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ साली ११ खाटांवर ते सुरू केलं. तिथे मोतीबिंदूच्या रुग्णाचं सगळं एकटा डॉक्टर करत नाही. प्राथमिक तपासणी, भिंगासाठीची मापं, शस्त्रक्रियेची तयारी ही कामं खेड्यापाड्यांतून निवडून शिकवलेल्या मुली करतात. डॉक्टरापुढे दोन टेबलं असतात. एकावरची शस्त्रक्रिया उरकेपर्यंत दुसऱ्यावरचा रुग्ण तयार असतो. सूक्ष्मदर्शक वळवला की डॉक्टर लगेच पुढच्या डोळ्याला लागतो.

कामाचे तुकडे कोणीही पाडेल. खरी कसोटी सांध्यांवर लागते: पुढच्या हातात जाताना काय झालेलं असलंच पाहिजे, हे आधी ठरलेलं हवं. ते ठरलं की एक भाग बदलताना बाकीचे हलवावे लागत नाहीत. २०१६ साली आलेल्या यूपीआयमध्ये हे रोज दिसतं. खातं एका बँकेत, ॲप दुसऱ्याचं, दुकानदाराची बँक तिसरीच. ॲप पटलं नाही तर खात्याला हात न लावता बदलता येतं.

तुझ्याकडे बिलं गोळा करणं, नोंदी, ताळमेळ आणि विवरणपत्र असे चार टप्पे सहज पडतात. दर महिन्याला भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ हे विवरणपत्र ११ तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-३बी २० तारखेपर्यंत जावं लागतं. नोंदी करणारा ९ तारखेला तापाने झोपला, तर दुसऱ्याला काही न विचारता त्याच्या खुर्चीत बसता आलं पाहिजे. म्हणून नोंदीला जाणाऱ्या प्रत्येक बिलावर जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख आणि कराचा दर पाहिलेला असावा. यातलं एकही नसेल तर बिल तिथूनच माघारी.

गिऱ्हाइकाशी बोलणं मात्र वाटून देऊ नकोस. नोटीस आलेला व्यापारी घाबरलेला असतो; त्याला चौघांकडे फिरवणं हा अन्याय आहे. मुंबईत जेवणाचा डबा वाटेत कितीतरी हातांतून जातो, पण घरच्या दारात रोज ओळखीचाच डबेवाला येतो.

नवी माणसं येण्याआधी एका गिऱ्हाइकाचं महिन्याचं काम असं टप्प्याटप्प्याने लिहून काढ. गणपतीला येशील तेव्हा ते कागद घेऊन ये, बसून पाहू.

तुझा,
काका