प्रत्येक सूज गालफुगीची नसते
शाळेतील मुलाचा गाल सुजला की ‘गालफुगी’ म्हणून आपण निश्चिंत होतो. विषाणूजन्य गालफुगी सांसर्गिक असल्याने सूज आल्यापासून ५ दिवस मुलास शाळेत पाठवू नये, हे खरेच. परंतु लाळग्रंथी सुजण्यास अन्य कारणेही असतात. जेवताना जबड्याखाली सूज येऊन नंतर ओसरत असेल, तर लाळेच्या नलिकेत खडा अडकल्याची शंका घ्यावी. ताप, ठणका व तोंडात पू येणे ही जंतुसंसर्गाची लक्षणे होत. शरीरातील पाणी घटलेल्या वृद्धांत तो विशेष आढळतो. न दुखता हळूहळू वाढणारी गाठ मात्र फसवी असते. ती क्वचित कर्करोगाचीही असू शकते. वेदना नाही म्हणून लेप लावीत बसणाऱ्या अशा रुग्णास शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी वेळीच प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखवावी.