ओढा कुठला? (निसर्गवर्णनातील नेमकेपणाविषयी)

नववीत असताना मी 'आमच्या गावचा ओढा' हा निबंध लिहिला आणि त्याला तालुक्याच्या स्पर्धेत दुसरे बक्षीस मिळाले. निबंधाचा आरंभ असा होता: 'माझ्या निसर्गरम्य गावाच्या कुशीतून एक अवखळ ओढा खळखळ वाहतो. त्याच्या दुतर्फा हिरवीगार वनराई डोलते, पाखरांची मंजुळ किलबिल चालू असते आणि आषाढ लागला की धुंद पाऊस त्याला नवे यौवन देऊन जातो.' बक्षिसाचा पेला हातात धरून मी तो घरी मोठ्याने वाचून दाखविला. आजोबा सोप्यात वाखाचे दावे वळीत बसले होते. सगळे ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "ग्वाड लिवलंस. पर ह्यो वढा कुठला रं?"

घरातली सगळी हसली. मला राग आला. आजोबांना साहित्यातले काय कळते, असे मी मनाशी म्हटले. त्यांनी मला साहित्यातला एक मूलभूत प्रश्न विचारला होता, हे कळायला मराठी विषय घेऊन बी. ए.च्या तिसऱ्या वर्षापर्यंत यावे लागले.

आमचे गाव आटपाडीच्या बाजूचे, म्हणजे माणदेशातले. हा सारा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पश्चिमेकडून येणारे ढग घाटमाथ्यावर रिते होतात आणि आमच्यापर्यंत पोचतो तो वारा. आषाढात आमच्याकडे पत्रे वाजतात, धूळ उडते, मधूनच भुरभूर येते आणि अंगावरचा सदरा भिजण्याआधी थांबते. पाऊस म्हणावा असा पाऊस बहुधा उत्तरा-हस्तात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, दुपार कलल्यावर गडगडत येतो. ओढा वाहतो तो तेव्हा. दिवाळीनंतर त्याची डबकी होतात आणि संक्रांतीनंतर नुसती वाळू उरते. त्या वाळूत हातभर खड्डा केला की तळाशी पाणी झिरपते. ह्याला आम्ही झिरा म्हणतो. बायका त्याच्याशी उकिडव्या बसून वाटीवाटीने घागर भरीत. आता सांगा, ह्यातले एक अक्षर तरी माझ्या निबंधात होते काय? तो धुंद आषाढ कोकणातून पाठ्यपुस्तकात आला होता आणि पाठ्यपुस्तकातून माझ्या वहीत. मी ओढ्याचे वर्णन केले नव्हते, दुसऱ्या वर्णनांचे वर्णन केले होते.

आपल्या निबंधांतले ठरीव शब्द पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. निसर्गरम्य, नयनरम्य, विलोभनीय, मंजुळ ही सारी विशेषणे वस्तूविषयी काही सांगत नाहीत. पाहणाऱ्याला ती आवडली एवढेच सांगतात. साक्षीपुराव्याशिवाय दिलेला हा निकाल असतो. वाचकाने तो मुकाट्याने मान्य करावा अशी लेखकाची अपेक्षा असते, आणि वाचक मान्यही करतो, कारण त्यात मान्य न करण्यासारखे काही नसते. मात्र त्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. ह्याउलट, 'झिऱ्यातल्या पाण्याला वाटीचा तळ लागला की कर्रकन वाळू वाजते' असे लिहिले तर त्यात एकही सुंदर शब्द नाही, पण पाणी किती उरले आहे हे कानाला कळते, आणि घागर भरायला किती वेळ लागणार हेही.

नादाच्या बाबतीत आपली भाषा श्रीमंत आहे आणि त्या श्रीमंतीनेच आपल्याला आळशी केले आहे. झाड म्हटले की सळसळ, पाणी म्हटले की खळखळ, पाखरू म्हटले की किलबिल. ही जोडी विचार न करता कागदावर उतरते. पण पिंपळ सळसळतो म्हणून बाभूळ सळसळत नाही. तिची पाने इतकी बारीक की वारा त्यांतून जवळजवळ मुकाट्याने निघून जातो. शिरसाच्या वाळलेल्या शेंगा उन्हाळी वाऱ्यात खुळखुळतात. शिंदीची झावळी खडखडते. पाखरांचेही तसेच. होला घुमतो, टिटवी कर्कश ओरडते, सुगरणींच्या घरट्यांशी चाललेला कलकलाट निराळा. नेमका आवाज लिहायचा तर झाडाखाली थांबावे लागते. मी ते केले नव्हते. चौथीपासून पाठ असलेला आवाज लिहिला होता.

डोळा आणि कान ह्यांच्या मानाने नाकाला आपण फारच कमी विचारतो. पहिल्या पावसाचा मृद्गंध तेवढा सर्वांच्या निबंधात असतो. ह्या वासाचे शास्त्र मोठे मनोरंजक आहे. 1964 साली ऑस्ट्रेलियातील इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस ह्या दोन शास्त्रज्ञांनी त्याला 'पेट्रिकोर' हे नाव दिले. कोरड्या दिवसांत माती-दगडांत साठून राहिलेली तेले पावसाबरोबर मोकळी होतात, असे त्यांनी दाखविले. त्यातच मातीतील सूक्ष्मजीव निर्माण करतात ते 'जिओस्मिन' नावाचे द्रव्य मिसळते. पाण्याच्या एक लाख कोटी भागांत त्याचे थोडेसे भाग असले तरी माणसाच्या नाकाला ते कळते. एवढे तिखट नाक आपल्याला मिळाले आहे आणि आपण लिहितो काय, तर 'मातीचा सुगंध दरवळला'. आमच्या ओढ्याकाठी त्या वासात मेंढरांच्या भिजलेल्या लेंड्यांचा उग्र वास मिसळलेला असे आणि शेवाळ वाळल्याचा कुबट वासही. वासा-चवीसाठी मराठीत किती शब्द आहेत पाहा: मातकट, हिरवट, करपट, खवट, कुबट, तुरट, आंबूस. स्वयंपाकघरात आपण ते रोज वापरतो. निबंध लिहायला बसलो की मात्र त्यांना ओसरीवरच ठेवतो.

हा वाद काही आजचा नव्हे. संस्कृत साहित्यशास्त्रात 'स्वभावोक्ती' म्हणजे वस्तूचे जसे आहे तसे वर्णन. तिला अलंकार म्हणावे की नाही, ह्यावर मोठी चर्चा झाली. दंडीने काव्यादर्शात तिला अलंकारांत पहिले स्थान दिले. वक्रोक्तिजीवितकार कुंतकाने तिचे अलंकारत्वच नाकारले. त्याचे म्हणणे असे की, वस्तूचा स्वभाव हा ज्याला सजवायचे तो देह आहे. तोच दागिना कसा होईल? तर्काला कुंतकाचे म्हणणे पटते. पण माझ्यासारख्या लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला दंडी अधिक उपयोगी वाटतो. देहाचाच पत्ता नसताना दागिने घडवीत बसण्याची आमची खोड जुनी आहे.

मराठीत ह्या बाबतीत ज्यांच्याकडून शिकावे अशी पुस्तके थोडी नाहीत. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' 1956 सालचे. बारा महिन्यांचे बारा लेख, पण 'वसंत आला, सृष्टी नटली' एवढ्यावर बाई कुठेच थांबत नाहीत. कोणते झाड कोणत्या महिन्यात पालवते, कोणते तेव्हा उघडे असते, हे नावानिशी येते, आणि ते येते म्हणूनच त्यांच्या भाषेतली काव्यात्मता पोकळ वाटत नाही. मारुती चितमपल्ली वनखात्यात होते. जंगलात राहणाऱ्या माणसांकडून त्यांनी पाखरांची आणि झाडांची नावे गोळा केली. त्या नावांनी मराठीत किती भर पडली हे त्यांचा 'पक्षीकोश' चाळला तरी कळते. आणि आमच्या मुलुखापुरते बोलायचे तर व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955). तिच्यात निसर्ग वेगळा काढून दाखविलेला नाही. मेंढरे, माळ, पाऊस लांबणे हे माणसांच्या पोटापाण्यात गुंतलेले आहे. म्हणून पाऊस पडला नाही की आपल्यालाही काळजी वाटते. माझ्या निबंधातला पाऊस न पडता तर कोणाचे काहीही बिघडले नसते!

येथे एक कबुली दिली पाहिजे. हे सारे वाचून मी दुसऱ्या वर्षी एक लेख लिहिला आणि त्यात आमच्या माळावरची अठरा झाडे नावानिशी घातली: हिवर, तरवड, बोर, नेपती, लिंब, घायपात, असे करत करत दीड पान. आमच्या सरांनी समासात लिहिले, 'ही वनस्पतिशास्त्राची वही झाली. ह्यांतले कोणते झाड तू पाहिलेस?' प्रश्न पुन्हा तोच, फक्त ह्या वेळी उलट बाजूने. नाव घेतले म्हणजे वस्तू दिसते असे नाही. अठरा नावांपेक्षा एक तरवड, शेळ्यांनी सगळे खाऊन फक्त तिलाच शिवलेले नाही अशी, भर उन्हाळ्यात पिवळी फुलांची, अधिक काम करते, कारण तीत माळाचा सारा दुष्काळ येतो. कोणता तपशील ठेवायचा हे ठरविणे तो गोळा करण्यापेक्षा अवघड आहे, आणि मला ते अजून साधलेले नाही.

ह्या विषयावर लिहावेसे का वाटले, ते आता सांगतो. चार वर्षांपूर्वी आमच्या ओढ्याचे खोलीकरण झाले. पोकलेन आले आणि पंधरा दिवसांत ओढा सरळ, रुंद, खोल झाला. काठची झाडे वाटेत येत होती, ती गेली. पाणी आता फाल्गुनापर्यंत टिकते, विहिरींना त्याचा फायदा झाला आहे, आणि झिऱ्याशी वाटी घेऊन बसण्याची पाळी आईवर येत नाही. तेव्हा रडगाणे गाण्याचा मला अधिकार नाही. पण आजोबा त्याच्या आदल्या वर्षीच गेले होते, आणि जुना ओढा कसा होता हे एकदा नीट लिहून ठेवावे असे मला फार वाटू लागले. त्याचा फोटो कोणाकडे नाही. ओढ्याचा फोटो कोण काढतो? तेव्हा आठवले, आपण तर त्यावर निबंध लिहिला आहे, बक्षीसपात्र. ट्रंकेतून वही काढली. चार पाने उलटली. वनराई डोलत होती, किलबिल चालू होती. एका झाडाचे नाव नव्हते. वळण कुठे होते, धुण्याचा दगड कोणत्या अंगाला होता, गुरे कुठून उतरत, काही नव्हते. त्या चार पानांवरून महाराष्ट्रातला कोणताही ओढा परत काढता येईल, आमचा मात्र येणार नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी वही घेऊन घरोघर हिंडलो. बरेचसे मिळाले. धुण्याचा दगड काळा होता आणि त्याच्या मधोमध वाटीएवढा खळगा होता. पाऊस थांबल्यावर त्यातले पाणी चिमण्या पीत. उतारावरच्या दोन बाभळींवर सुगरणींची घरटी असत, ती पाण्यावर झुकलेल्या फांद्यांनाच. वळणावरच्या मोठ्या झाडाविषयी मात्र एकमत होत नाही. आई म्हणते ते करंजाचे होते, तिने त्याच्या बिया वेचल्या आहेत. चुलते म्हणतात, "न्हाय, उंबर हुता. पिकल्या उंबरांचा आंबूस वास पार वाटंपर्यंत यायचा." त्या झाडाखाली मी सात-आठ उन्हाळे खेळलो आहे. मला फक्त सावली आठवते.