लेवीय, अध्याय पंचवीस

केदारखेडा, ता. भोकरदन, जि. जालना

चि. सोनू,

एम.ए.च्या असाइनमेंटचा कच्चा मसुदा मिळाला. ‘इन्क्रीज म्हणजे वाढ, आणि बायबलमध्ये वाढ हा ईश्वराचा आशीर्वाद मानला आहे’ अशी तुझी सुरुवात आहे. ते वाक्य आधी खोड. शब्दकोशातला पहिला अर्थ उचलला की पुढची पानं त्याच्याच मागं फरफटत जातात.

1611 च्या किंग जेम्स भाषांतरातलं ‘लेवीय’ उघड, पंचविसावा अध्याय. सातव्या वचनात इन्क्रीज म्हणजे जमिनीतून आलेलं पीक, ते खावं. छत्तिसाव्या वचनात तोच शब्द व्याजासाठी आला आहे, आणि हलाखीत आलेल्या भावाकडून ते घेऊ नये अशी सक्त ताकीद आहे. मूळ हिब्रूत हे दोन निराळे शब्द आहेत. पिकाला ‘तेवुआ’, व्याजाला ‘तरबीत’. तरबीतच्या शेजारी व्याजासाठीच आणखी एक शब्द येतो, ‘नेशेख’. तो चावणे या अर्थाच्या धातूपासून झाला. व्याजाला चावा म्हणणाऱ्या माणसांनी सावकाराचा ओटा जवळून पाहिला असणार.

आपल्या घरात हे कळायला टीकाग्रंथ कशाला हवा? तुझे पणजोबा ‘वाढीनं काढली’ म्हणत, ते तुझ्या आईला विचार. आषाढात कणगी रिती झाली की सावकाराकडून ज्वारी वाढीनं काढायची. सुगीला पायलीमागं सव्वा पायली परत करायची ती सवाई, दीड पायली ती दिढी. देताना मापावरून हात फिरवून सपाट पायली द्यायची आणि परत घेताना शीग लावून घ्यायची. म्हणजे दिढी ठरलेली, वरची शीग न ठरलेली, आणि त्या शिगेबद्दल तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती. शेतात वाढलेलं धान्य आणि मापात वाढलेलं धान्य, दोन्ही एकाच खळ्यावर. लेवीयाच्या त्या अध्यायात नेमकी हीच दोन धान्यं वेगळी केली आहेत. तो सबंध अध्याय वाच. पन्नासाव्या वर्षी गेलेली जमीन मूळ धन्याकडे परत, असा नियमही तिथंच आहे.

तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं चरित्रकार सांगतात. 1875 च्या मे महिन्यात सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले, मग 1879 मध्ये इंग्रज सरकारचा शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळं तो आपल्याकडं लागूच नव्हता. हे सगळं असाइनमेंटमध्ये कोंबू नकोस, पण एखादं उदाहरण दे. परीक्षकाला लंडनची उदाहरणं वाचून कंटाळा आलेला असतो.

इन्क्रीजची दुसरी जागा, करिंथकरांस पहिलं पत्र, तिसरा अध्याय. मंडळीत भांडण लागलंय, कुणी म्हणतो मी पौलाचा, कुणी म्हणतो मी अपुल्लोसाचा. पौल समजावतो की मी लावलं, अपुल्लोसानं पाणी घातलं, वाढवत होता तो देव. ‘वाढवत होता’ मी मुद्दाम लिहिलं. ग्रीकमध्ये लावणं आणि पाणी घालणं ही क्रियापदं होऊन गेलेल्या कामाची आहेत, वाढवणं मात्र चालू राहिलेल्या भूतकाळात आहे. इंग्रजीत वाढवणंही होऊन गेलेल्या कामासारखं आलं आणि तो फरक पुसला गेला. असा फरक सापडला की तुझं पान तुझं होतं, नाहीतर गाइड सगळ्यांकडंच असतं.

फोनवर तू म्हणालीस, अमक्या सरांच्या हाताखालची मुलं पुढं गेली, आपण मागं पडलो. हा करिंथकरांचाच वाद आहे, सोनू. सर कोण यावर एवढं अडकू नकोस. लूकच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी येशू ज्ञानानं वाढत गेला असं म्हटलंय, तिथंही इंग्रजीत इन्क्रीज आहे. पण ग्रीक क्रियापद पौलाच्या पत्रातलं नाही, ते पुढं सरकण्याचं आहे. त्याच्या जरा वर काय आहे? बारा वर्षांचा मुलगा मंदिरात गुरूंच्या मध्ये बसून ऐकतोय आणि प्रश्न विचारतोय. तू वर्गात प्रश्न विचारतेस का? तुझ्या आईचं म्हणणं, नाही विचारत. विचार. हसतील एखादवेळी.

आता काम सांगतो. जेम्स स्ट्राँग यांची 1890 ची बायबलची शब्दसूची फोनवर फुकट मिळते. इंग्रजी शब्दापुढं मूळ शब्दाचा क्रमांक असतो. इन्क्रीजच्या सगळ्या जागा काढ आणि क्रमांकानुसार वेगळ्या कर. मग मराठी बघ. पंडिता रमाबाईंनी केडगावात हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं. त्या 1922 मध्ये गेल्या, पुस्तक 1924 मध्ये निघालं. त्यांनी कुठं कोणता शब्द घातला ते तपास. इंग्रजी साहित्याच्या मुलीनं मराठी उघडलं तर कमीपणा येत नाही.

बाजारातला इन्क्रीज, पगारातलं इन्क्रिमेंट वगैरे भरतीचा परिच्छेद गाळ. योहान 3:30 मात्र तुझ्यासाठी ठेवलंय. तिथं बाप्तिस्मा करणारा योहान म्हणतो, त्यानं वाढावं आणि मी कमी व्हावं. हे वाक्य तो कुणाला आणि कशावरून बोलला ते वरच्या वचनांत बघ, आणि त्यावर तुझं मत लिहून महिनाअखेरपर्यंत पाठव.

तुझा,
मामा