खिम्यातलं शिसं

मिनेसोटात नोव्हेंबर आला की आमचा शेजारी भगवं जाकीट चढवून रानात जातो आणि परतल्यावर हरणाच्या खिम्याची पाकिटं आणून देतो. फुकटच्या मटणाला नाही म्हणण्याचे संस्कार माझ्यावर झालेले नाहीत. त्या पाकिटांपायी जे काही उमगत गेलं, ते असं.

१. जे दाताखाली येत नाही, त्याचा संशयही येत नाही. छर्रा चावला तर निदान शिवी हासडता येते. रायफलच्या गोळीतलं मऊ शिसं मात्र हाडावर आपटून फुटतं आणि त्यातले काही कण मिठाहूनही बारीक असतात. २००८ साली नॉर्थ डकोटात डॉ. विल्यम कॉर्नॅट्झर या त्वचारोगतज्ज्ञांनी गरिबांसाठी दान आलेल्या खिम्याची शंभरेक पाकिटं सीटी स्कॅनखाली ठेवली. निम्म्याहून अधिक पाकिटांत धातू निघाला. राज्यानं अन्नदान केंद्रांना असा खिमा टाकून द्यायला सांगितलं. गंमत म्हणजे हे डॉक्टर स्वतः शिकारी. म्हणजे ‘शाकाहाऱ्यांचा कट’ म्हणून हात झटकायची सोय नाही.

२. धुण्यावरची माझी श्रद्धा इथे डळमळली. मटण पाच पाण्यांतून काढलं की सगळं पाप जातं, अशा घरात मी वाढलो. शिकारीही म्हणतात, जखमेभोवतीचं मांस कापून टाकलं की झालं. मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागानं त्याच वर्षी मेंढ्यांच्या धडांवर गोळ्या झाडून पाहिलं, तर कण जखमेपासून पार दीड फुटापर्यंत गेलेले. पाण्यानं धुतल्यावर जखमेजवळचं शिसं कमी झालं खरं, पण ते बाकीच्या मांसावर पसरलं. खिम्याचं तर विचारूच नका. आख्ख्या तुकड्यात निदान जखम कुठे होती ते दिसतं. यंत्रातून निघालेल्या खिम्याला कसली आलीय दिशा!

३. आपल्या पाककौशल्याचा अभिमान जरा बेतानं बाळगावा. मी हरणाचा विंदालू करायचो, भरपूर व्हिनेगर घालून, रात्रभर मुरवून. आंबटात शिसं अधिक उतरतं, हे नंतर वाचलं.

४. घाबरायचं तर किती, हेही शिकावं लागतं. त्याच सुमारास नॉर्थ डकोटातल्या सातशेहून अधिक लोकांचं रक्त तपासलं गेलं. शिकारीचं मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसं थोडंसंच जास्त होतं आणि १० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर या त्या वेळच्या धोक्याच्या रेषेपलीकडे कुणीच नव्हतं. मी सुटकेचा निःश्वास टाकला, पण अर्धाच. कारण लहान मुलांच्या मेंदूसाठी शिशाचं अमुक प्रमाण सुरक्षित, असं आज कुणी म्हणत नाही. मुलांसाठीची ती रेषाही २०२१ पासून ३.५ वर आली आहे. गरोदर स्त्रिया आणि सहा वर्षांखालच्या मुलांनी शिशाच्या गोळीनं मारलेल्या हरणाचं मांस खाऊ नये, असा सल्ला नॉर्थ डकोटानं दिला होता. सुनेला दिवस गेले होते. म्हाताऱ्यानं काय खावं, हा माझा प्रश्न. तिच्या ताटापुरता निकाल लागला होता.

५. ज्याला हे सांगायची धास्ती होती, त्याला ते माझ्या आधीच ठाऊक होतं. शेजाऱ्याला वाईट वाटेल म्हणून मी आठवडाभर वाक्यं जुळवत होतो. तो म्हणाला, रानात टाकून दिलेली आतडी खाऊन गरुड शिशानं मरतात, हे कळल्यापासून तो तांब्याची गोळी वापरतो. ती महाग पडते, पण सहसा फुटत नाही. डेन्मार्कनं शिशाचे छर्रे १९९६ मध्येच बंद केले आणि २०२४ पासून रायफलच्या शिशाच्या गोळ्याही. तिथली शिकार काही थांबलेली नाही.

तेव्हा परदेशात कुणी प्रेमानं हरणाचं मटण आणून दिलं, तर गोळी कुठली होती, एवढं जरूर विचारा. शिकाऱ्याला त्याचा राग येत नाही. फक्त हाताशी अर्धा तास ठेवा, उत्तर लांबतं.