बाज वाहणारे चौघे आणि हातातला फोन

वाचन : मार्क 2:1-12

कफर्णहूमातल्या त्या घरी एवढी गर्दी होती की दारातही उभे राहायला जागा नव्हती. चौघांनी एका पक्षघाती माणसाला बाजेवर घालून आणले होते. वाट मिळेना, तेव्हा ते वर चढले, छप्पर उघडले आणि बाज प्रभूसमोर खाली सोडली. प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला. शेवटी, जो बाजेवर आला होता तोच आपली बाज उचलून सर्वांदेखत घरी गेला.

किनवटच्या डोंगराळ भागात बाज म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पावसाळ्यात नाले भरले की पोडावरच्या किंवा तांड्यावरच्या आजाऱ्याला रस्त्यापर्यंत आणणे हेच मोठे काम होते. पुढे नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शंभर किलोमीटरहून दूर. अशा ठिकाणी फोन ही नवी बाज ठरू शकते. मात्र ती वाहायची कशी, हे शिकावे लागते.

1. वाट शोधा

केंद्र शासनाची ‘ई-संजीवनी’ सेवा मोफत आहे. तिची घरबसल्या बाह्यरुग्ण सेवा एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीत सुरू झाली. मोबाइल क्रमांकाने नोंदणी करायची, टोकन घ्यायचे, डॉक्टरांशी समोरासमोर बोलायचे. औषधांची चिठ्ठी फोनवरच येते. घरी रेंज किंवा स्मार्टफोन नसेल तर आरोग्य उपकेंद्रात जावे. तेथील समुदाय आरोग्य अधिकारी याच सेवेतून मोठ्या डॉक्टरांशी जोडून देतात. दार बंद दिसले तरी छप्पर आहे, हे शेजाऱ्याला सांगणे ही सेवाच आहे.

2. रुग्णाला बोलू द्या

बहुधा फोन नातवाच्या हातात असतो. डॉक्टर विचारतात, नातू उत्तर देतो आणि आजी शेजारी गप्प बसते. बार्तीमय आंधळा आहे हे दिसत असूनही, त्याला काय हवे ते प्रभूने त्यालाच विचारले (मार्क 10:51). आजी गोंडीत किंवा कोलामीत सांगेल. नातवाने तेच मराठीत सांगावे, आपल्या मनचे घालू नये. फोन लावण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात : त्रास कधीपासून, कोणती औषधे चालू आहेत आणि काय विचारायचे आहे.

3. आजार ओळखा

आपल्या भागातील आदिवासी कुटुंबांत सिकलसेल आढळतो. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणून लग्नाआधीच रक्ततपासणी करून घ्यावी. हा आजार 2047 पर्यंत दूर करण्याची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 रोजी सुरू झाली आहे. रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, थंडीपासून जपावे आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी चुकवू नये. ताप, छातीत दुखणे, धाप, अचानक पांढरेफटक पडणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे, यांपैकी काही दिसले तर व्हिडिओ कॉलची वाट पाहू नका. 108 ला फोन करून रुग्णालय गाठा. एका औषधात सिकलसेल मुळापासून बरा करण्याची हमी देणारे व्हिडिओ पुढे पाठवू नका.

4. झाकायचे ते झाका

हा धडा आपल्या मंडळ्यांसाठी आहे. प्रार्थनेच्या विनंतीबरोबर मुलीचा फोटो, नाव आणि तपासणीचा कागद व्हॉट्सअॅप गटावर जातो. मन चांगले असते, पण तोच कागद उद्या तिच्या सोयरिकीच्या आड येतो. तिला विचारल्याशिवाय काहीही पाठवू नये. ‘एका बहिणीच्या आरोग्यासाठी’ एवढे म्हटले तरी प्रार्थना होते. फोनवर आलेला ओटीपीही कोणाला सांगू नये.

5. बाज त्याच्या हाती द्या

चौघांनी त्या माणसाला जन्मभर वाहिले नाही. आपणही कागदांची पिशवी, औषधांच्या वेळा आणि पुढच्या तपासणीची तारीख हळूहळू रुग्णाच्याच हाती सोपवावी. लिहिता येत नसेल त्याला सकाळच्या गोळीसाठी सूर्य आणि रात्रीच्या गोळीसाठी चंद्र काढून द्यावा. पुढच्या वेळी आजीने स्वतः टोकन मागितले, तर आपले काम झाले.

चर्चेसाठी
- आपल्या मंडळीत फोन वापरता न येणारे आजारी कोण आहेत? त्यांच्यासाठी ‘चौघे’ कोण होतील?
- आपण कोणाच्या वतीने बोलतो, आणि कोणाला बोलू देत नाही?
- प्रार्थना गटासाठी कोणता नियम ठरवावा?

प्रार्थना
हे प्रभू, आजाऱ्याला तुझ्यापाशी आणण्याचे बळ आम्हांला दे, आणि तो उठून चालू लागेल तेव्हा बाजूला होण्याची नम्रताही दे. आमेन.