मुष्टियोद्ध्याची थोरवी

प्रस्तावना

'अमुक खेळाडू थोर की तमुक?' हा वाद गावाच्या पारावर जसा रंगतो, तसा वृत्तपत्रांच्या स्तंभांतूनही रंगतो. प्रत्येकाचे मत ठाम असते. परंतु ते मत कोणत्या निकषांवर बेतले आहे, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत पाठ हा एक वैचारिक लेख आहे. मुष्टियुद्ध या खेळाच्या निमित्ताने, माणसाच्या कर्तृत्वाचे मूल्यमापन कसे करावे, याची चर्चा त्यात केली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• कर्तृत्वाचे मूल्यमापन करण्याचे निकष सांगता येतील;
• वस्तुस्थिती आणि मत यांतील फरक स्पष्ट करता येईल;
• उदाहरणांच्या साहाय्याने आपले मत मुद्देसूदपणे मांडता येईल.

मूळ पाठ

चंडीगढ ही पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांची राजधानी. आखीव रस्त्यांच्या या शहराशी तीन थोर खेळाडूंची नावे जोडलेली आहेत. हॉकीपटू बलबीरसिंग आणि धावपटू मिल्खासिंग यांचे आयुष्याच्या उत्तरार्धात येथे वास्तव्य होते, तर कपिल देव यांचा जन्मच या शहरातला. या तिघांचे कर्तृत्व अंकांत सांगता येते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात भारताने हॉलंडवर सहा गोल केले. त्यांतील पाच एकट्या बलबीरसिंगांचे होते. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये मिल्खासिंग ४०० मीटर शर्यतीत ४५.६ सेकंदांत धावले आणि सेकंदाच्या दहाव्या हिश्शाने त्यांचे कांस्यपदक हुकले. कपिल देव यांनी कसोटी सामन्यांत ४३४ बळी घेतले. गोल मोजता येतात, घड्याळ खोटे बोलत नाही आणि धावफलक कोणाचीही भीड धरीत नाही.

त्याच रोम ऑलिंपिकमध्ये अठरा वर्षांच्या एका अमेरिकन तरुणाने मुष्टियुद्धाचे सुवर्णपदक जिंकले. त्याचे नाव कॅशियस क्ले. पुढे जग त्याला मुहम्मद अली या नावाने ओळखू लागले. त्याची थोरवी कोणत्या घड्याळाने मोजायची? मुष्टियुद्धात धावपटूप्रमाणे स्थिर असे माप नसते. समोरचा प्रतिस्पर्धी हेच तेथले माप असते आणि ते माप प्रत्येक लढतीत बदलते. ठोसा किती वजनाचा होता, यापेक्षा तो कोणाविरुद्ध, कोणत्या फेरीत आणि किती थकलेल्या हाताने मारला, याला तेथे अधिक महत्त्व असते. म्हणूनच मुष्टियोद्ध्याचे मूल्यमापन करणे कठीण आणि तितकेच उद्बोधक आहे.

सर्वांत सोपा निकष जय-पराजयाच्या संख्येचा. रॉकी मार्सियानो हा हेवीवेट गटातील अमेरिकन विजेता व्यावसायिक कारकिर्दीत ४९ लढती खेळला आणि ४९ ही जिंकला. अली ६१ लढती खेळला. त्यांतील पाच हरला. केवळ वजाबाकी केली, तर मार्सियानोच श्रेष्ठ ठरेल. परंतु संख्येच्या पलीकडे पाहिले, की चित्र पालटते. मार्सियानोने १९५१ साली ज्या जो लुईला हरवले, तो लुई तेव्हा ३७ वर्षांचा होता. सलग २५ वेळा आपले विश्वविजेतेपद राखणारा लुई आणि कारकीर्द मावळताना पुन्हा रिंगणात उतरलेला लुई, ही नावाने एकच असली, तरी बळाने दोन माणसे होती. यात मार्सियानोचा दोष नाही. आपल्या काळात जे प्रतिस्पर्धी भेटले, त्या सर्वांना त्याने हरवले. तरीही विजय मोजताना तो कोणावर मिळवला, हे पाहावेच लागते.

दुसरा निकष पराभवानंतरच्या वर्तनाचा. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास नकार दिल्यामुळे १९६७ साली अलीचे विजेतेपद काढून घेण्यात आले. शरीर ऐन भरात असताना साडेतीन वर्षे त्याला लढता आले नाही. १९७० साली तो परतला. १९७१ साली जो फ्रेझियरने त्याला हरवले. मात्र १९७४ साली, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्याच्याहून तरुण आणि बलाढ्य अशा जॉर्ज फोरमनला किन्शासा येथे हरवून त्याने विजेतेपद परत मिळवले. पडल्यावर माणूस कसा उठतो, हे जो कधी पडलाच नाही त्याच्या कारकिर्दीत दिसू शकत नाही.

तिसरा निकष संधीचा. मणिपूरच्या मेरी कोमने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. फक्त ऑलिंपिकची पदके मोजणाऱ्याला तिच्या नावापुढे एवढेच दिसेल. परंतु महिलांच्या मुष्टियुद्धाला ऑलिंपिकचे दार उघडले तेच मुळी २०१२ साली. तोवर तिने पाच वेळा विश्वविजेतेपद मिळवले होते. सहावे तिने २०१८ साली मिळवले. शिवाय लंडनला सर्वांत खालचा वजनगट ५१ किलोंचा होता. ४५ ते ४८ किलोंच्या गटांत विश्वविजेती ठरलेल्या मेरीला तेथे आपल्याहून अंगाने मोठ्या प्रतिस्पर्ध्यांशी लढावे लागले. दार बंद असताना जी व्यक्ती दाराबाहेर उभी होती, तिला 'आत का आली नाहीस?' असे विचारणे न्यायाचे नाही.

हे तीन निकष हाती घेऊन चंडीगढ ज्या दोन राज्यांची राजधानी आहे, त्या राज्यांतील दोन मुष्टियोद्ध्यांकडे पाहावे. पहिले हरियाणाचे हवासिंग. भिवानी परिसरातला हा तरुण १९५६ साली सैन्यात दाखल झाला. १९६१ ते १९७२ या काळात हेवीवेट गटाचे राष्ट्रीय विजेतेपद त्यांनी सलग अकरा वेळा मिळवले. भारत-चीन सीमेवरील संघर्षामुळे १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेला ते मुकले. पुढे १९६६ आणि १९७० साली बँकॉक येथे झालेल्या दोन्ही आशियाई स्पर्धांत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. सलग दोनदा असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय मुष्टियोद्धे. ऑलिंपिक पदक मात्र त्यांच्या नावावर नाही.

मग त्यांच्या थोरवीचा पुरावा कोठे शोधावा? तो भिवानीतच सापडतो. निवृत्तीनंतर हवासिंगांनी तेथील तरुणांना मुष्टियुद्धाचे धडे दिले. त्या मातीत खेळाची परंपरा रुजली. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताचे पाच मुष्टियोद्धे उतरले; त्यांतील चौघे भिवानीत घडलेले होते. त्यांच्यापैकी विजेंदरसिंगने कांस्यपदक मिळवले आणि या खेळातील भारताचे पहिले ऑलिंपिक पदक घरी आले. ते पाहायला हवासिंग नव्हते. ऑगस्ट २००० मध्ये, प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार स्वीकारण्याच्या काही दिवस आधी, त्यांचे निधन झाले होते. मागे काय उरले, हा थोरवीचा चौथा निकष त्यांच्या जीवनातून हाती येतो.

दुसरे पंजाबचे कौरसिंग. तेही सैनिकच. जानेवारी १९८० मध्ये दिल्लीला आलेल्या मुहम्मद अलीशी ते एक प्रदर्शनीय लढत खेळले, ही आठवण लोक आवर्जून सांगतात. परंतु प्रदर्शनीय लढतीवर कोणाची योग्यता ठरवणे उचित नव्हे. त्यांचे खरे कर्तृत्व त्याच वर्षी मुंबईत झालेल्या आशियाई मुष्टियुद्ध स्पर्धेच्या आणि १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या सुवर्णपदकांत आहे. १९८३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यानंतर मात्र हे नाव विस्मरणात गेले. २०१७ साली हृदयविकाराच्या उपचारांसाठी त्यांच्यावर कर्ज काढण्याची वेळ आली. ही बातमी प्रसिद्ध झाल्यावर मदतीचे हात पुढे आले. बलबीरसिंग आणि मिल्खासिंग यांच्याबरोबर कौरसिंगांचाही परिचय पंजाबच्या शालेय पाठ्यपुस्तकांत घालण्याचा निर्णय २०२३ साली जाहीर झाला. त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्राला ही कहाणी परकी वाटणार नाही. हेलसिंकीला बलबीरसिंग गोल करीत होते, त्याच स्पर्धेत खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले होते. १९८४ साली खाशाबा गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला, पण तो मरणोत्तर.

थोरवीचा निवाडा हा निव्वळ गप्पांचा विषय नाही, तो यासाठीच. ज्याला आपण थोर मानतो, त्याची आपण आठवण ठेवतो, त्याच्या म्हातारपणाची चौकशी करतो, त्याचे नाव मुलांना सांगतो. निकष चुकला, तर केवळ मत चुकत नाही. एखाद्या माणसाच्या वाट्याचे ऋण फेडायचे राहून जाते. पदकांची संख्या जरूर मोजावी. पण प्रतिस्पर्धी कोण होता, पराभव कसा पचवला, संधी किती मिळाली आणि मागे काय उरले, हे चार प्रश्न विचारल्यावाचून निकाल देऊ नये. आणि निकाल दिल्यावर, ज्याच्या बाजूने तो दिला, त्याला तो ऐकू जाईल इतक्या वेळेत द्यावा.

शब्दार्थ

निकष – पारखण्याची कसोटी
भीड धरणे – संकोच करणे, मुलाहिजा ठेवणे
उद्बोधक – ज्ञान देणारे
प्रदर्शनीय लढत – जय-पराजय न मानता प्रेक्षकांसाठी खेळलेली लढत
मरणोत्तर – मृत्यूनंतर दिलेला

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुष्टियुद्धात प्रतिस्पर्ध्याला 'माप' का म्हटले आहे?
(आ) मेरी कोमच्या ऑलिंपिक पदकाकडे पाहताना कोणत्या दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात?

२. पुढील विधानांतील वस्तुस्थिती कोणती व मत कोणते, ते ओळखा.
(अ) मार्सियानोने ४९ लढती जिंकल्या.
(आ) मार्सियानो अलीपेक्षा श्रेष्ठ होता.

३. 'पडल्यावर माणूस कसा उठतो, हे जो कधी पडलाच नाही त्याच्या कारकिर्दीत दिसू शकत नाही.' या विधानाचा आशय स्पष्ट करा.

४. तुमच्या गावातील किंवा परिसरातील एखाद्या जुन्या खेळाडूची माहिती मिळवा. पाठातील चार निकषांच्या आधारे त्यांच्या कर्तृत्वाविषयी १५ ओळी लिहा आणि शक्य असल्यास त्या त्यांना वाचून दाखवा.